‘कोणत्या चलनात घेऊ?’ हे जरा सरळ विचारा

प्रति,
कार्डांची जागतिक जाळी चालवणाऱ्या कंपन्या, कार्ड देणाऱ्या बँका आणि देशोदेशी एटीएम व स्वाइप मशीन बसवणारे सर्व व्यावसायिक यांस,

स. न. वि. वि.

परदेशात पैसे कसे न्यावेत, कसे खर्चावेत यावर प्रवाशांना सल्ला देणारे लिखाण उदंड झाले आहे. दोन कार्डे दोन वेगळ्या खिशांत ठेवा, थोडी रोकड जवळ बाळगा, बँकेला आधी कळवा, पिन पाठ असू द्या. सल्ले चुकीचे नाहीत. पण व्यवस्था आहे तशीच राहणार आणि शहाणे व्हायचे ते फक्त प्रवाशाने, असे त्या सगळ्यांत गृहीत धरलेले असते. म्हणून हे पत्र प्रवाशांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहे. तक्रारी बऱ्याच आहेत, त्यातली मोठी आधी सांगतो.

परदेशात कार्ड मशीनला लावले की पुष्कळदा पडद्यावर प्रश्न येतो: पैसे इथल्या चलनात घ्यायचे की तुमच्या? मशीनला आपले चलन कसे कळले याचे नवख्याला नवल वाटते. कार्डाच्या क्रमांकातल्या सुरुवातीच्या सहा-आठ आकड्यांवरून ते कोणत्या बँकेने, कोणत्या देशात दिले हे ओळखू येते, एवढेच. प्रश्न आदबशीर असतो, आपल्याच सोयीसाठी विचारल्यासारखा वाटतो. मागे रांग खोळंबलेली, काउंटरवरचा माणूस मशीन पुढे धरून उभा, अशा वेळी माणसाचे बोट ओळखीच्या चलनाकडे जाते.

इथे काय घडते हे तुम्हाला पाठ आहे, तरी हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. स्थानिक चलन निवडले तर रूपांतर कार्डाचे जाळे करते. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर घाऊक बाजाराच्या बराच जवळ असतो आणि त्यावर ग्राहकाची बँक आपले परकीय व्यवहार शुल्क लावते. ‘माझे चलन’ निवडले तर रूपांतर तिथल्या तिथे होते. ते करते दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली एखादी कंपनी, आणि दर ठरवतेही तीच. धंद्यात याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी म्हणतात. बाजारभाव आणि हा दर यांच्यातली तफावत ती कंपनी, ती बँक आणि दुकानदार आपसांत वाटून घेतात. म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला एकाच उत्तरात रस असतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला ते माहीत नसते.

नफा कमावण्याला माझी हरकत नाही. रूपांतर ही सेवा आहे, सेवेचे दाम असते. हरकत आहे ती प्रश्नाच्या मांडणीला. पडद्याच्या एका बाजूला परक्या चलनातली बिलाची रक्कम असते आणि दुसऱ्या बाजूला माझ्या चलनातला आकडा, दशांशापर्यंत पक्का. पहिला पर्याय घेतला तर मला शेवटी किती पडेल, हे कुठेच लिहिलेले नसते. एका पारड्यात वजन टाकायचे आणि दुसरे झाकून ठेवायचे, मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, बघा, तुम्हीच तोला. तुलना करायला दोन्ही आकडे एकाच चलनात लागतात, हे शाळेतल्या पोराला कळते. तुमच्या पडद्यांची रचना करणाऱ्यांना ते कळत नाही असे मानायला मी तयार नाही.

त्यात बटणांची भाषा. एटीएमवर ‘रूपांतर स्वीकारा’ ठळक असते आणि शेजारी ‘रूपांतर नाकारा’ असे काहीतरी फिकट रंगात. ‘नाकारा’ वाचून साध्या माणसाला वाटते की व्यवहारच रद्द होईल, कार्ड अडकेल, मशीन पैसे देणार नाही. प्रत्यक्षात ते दाबले की बहुधा पैसे निमूट बाहेर येतात, आणि स्वस्तात येतात. काही मशीन नाकारल्यावर पुन्हा विचारतात, नक्की ना? स्वीकारल्यावर मात्र असे पुन्हा विचारलेले मी कधी पाहिले नाही. ‘हमीचा दर’ हे शब्द तर खास दाद देण्याजोगे. हमी असते हे खरे, पण दर चांगला असण्याची नव्हे.

निवड कार्डधारकाने करायची, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने करायची नाही, असे व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही नियमांत आहे. नियम उत्तम आहे. पण मशीन असते काउंटरच्या पलीकडे, आणि पुष्कळदा ‘माझे चलन’ आधीच दाबून फक्त पिन टाकण्यापुरते आपल्यासमोर येते. पावती हातात पडते तेव्हा तिच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते की मला पर्याय दिला होता आणि मी तो राजीखुशीने निवडला. अशा वेळी ग्राहकाने व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे असा सल्ला दिला जातो. तो अमलात आणायला परक्या भाषेत वाद घालण्याची तयारी लागते आणि गाडी सुटायला भरपूर वेळ उरलेला असावा लागतो. नियम मोडणाऱ्या दुकानाचे मशीन तुम्ही काढून घेतल्याचे त्या भागातल्या इतर दुकानदारांच्या कानावर गेले, तर तेवढ्याने पुष्कळ काम होईल.

आता यावर तुमच्याकडून येणारी उत्तरे मला ठाऊक आहेत. पहिले असे की काही लोकांना रक्कम जागच्या जागी कळायला हवी असते, विशेषतः कामानिमित्त फिरणाऱ्यांना, ज्यांना खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. मान्य. दुसरे असे की जाळ्याचा दर व्यवहार खात्यात नोंदला जातो त्या दिवशीचा लागू शकतो, त्यामुळे मशीनला तो आधी नक्की सांगता येत नाही. हेही मान्य, पण अंदाज देता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर रोजचे दर काढून देणारी सोय आहे. जो आकडा घरी बसून कोणालाही मिळतो, तो ऐन गरजेच्या क्षणी मशीनच्या पडद्यावर का मिळू नये? दोन-तीन दिवसांत दर फार तर थोडा हलेल. डीसीसीमधला वाढावा, म्हणजे बाजारभावावर चढवलेला आकार, मात्र कित्येकदा शेकडा पाच-सहाच्याही वर असतो.

तिसरे उत्तर सगळ्यात वजनदार आहे, आणि ते कार्ड देणाऱ्या बँकांवर उलटते. काही बँका परकीय व्यवहारावर इतके शुल्क लावतात की क्वचित डीसीसी बरे पडते. खरे आहे. मग दोन्ही रकमा शेजारी दाखवण्याचे कारण आणखी बळकट होते. आणि काही बँका तर डीसीसीने रूपांतर झालेल्या रकमेवरही, दुकान परदेशातले आहे म्हणून, आपले शुल्क पुन्हा लावतात. रूपांतर दुसऱ्याने केले, त्याने त्याचा वाढावा घेतला, आणि यांनी न केलेल्या कामाचे पैसे वर लावले. बँकांनो, याचे समर्थन तुमच्या कोणत्याही अधिकाऱ्याने एखाद्या ग्राहकासमोर बसून करून दाखवावे.

हे सुधारता येत नाही असे नाही. युरोपीय संघाने २०१९ साली नियमावली ५१८ करून ठरवले की एटीएमवर किंवा काउंटरवर डीसीसी देऊ करताना, व्यवहार सुरू होण्याआधी, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या संदर्भ दरापेक्षा आपला दर किती टक्के महाग आहे ते सांगावेच लागेल. हा भाग १९ एप्रिल २०२० पासून लागू झाला. म्हणजे तेच मशीन, तीच कंपनी, तीच आज्ञावली, आणि पडद्यावर टक्का दिसतो. संघाच्या सीमेबाहेर पाऊल टाकले की बहुधा दिसेनासा होतो. तांत्रिक अडचण सीमेवर सुरू होते असे काही नसावे.

तो युरोपीय पडदाही आदर्श नाही, हे सांगायला हवे. ‘संदर्भ दरावर ८ टक्के’ हे वाचून किती जणांना उलगडा होतो? टक्का बारीक अक्षरांत आणि रक्कम ठसठशीत, असा प्रकार तिथेही आहे. म्हणून माझी मागणी टक्क्याच्या एक पाऊल पुढची आहे. दोन ओळी. वरच्या ओळीत: स्थानिक चलनात घेतल्यास तुमच्या खात्यातून अंदाजे इतके जातील. खालच्या ओळीत: आत्ताच रूपांतर केल्यास नक्की इतके जातील. दोन्ही ओळी एकाच चलनात, एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच रंगाच्या बटणांसह. माझ्या बँकेचे शुल्क मशीनला माहीत नसते ही अडचण खरी आहे, पण जाळ्यातून बँकेला संमतीसाठी निरोप जातोच. त्याच वाटेने शुल्काचा टक्का परत पाठवायची सोय करणे तुमच्यासारख्यांना, जे सेकंदा-दोन सेकंदांत जगाच्या दुसऱ्या टोकाला विचारून संमती आणतात, फारसे अवघड नसावे.

एटीएमबद्दल थोडे वेगळे लिहितो, कारण तिथे तीन जण एकाच वेळी हात धुऊन घेतात. मशीनवाल्याचे सपाट शुल्क (रक्कम कितीही काढा, तेवढेच), माझ्या बँकेचे परदेशात पैसे काढल्याचे शुल्क, आणि नाकारले नाही तर डीसीसीचा वाढावा. क्रेडिट कार्डाने काढले तर चौथेही: रोख उचलीवर त्याच दिवसापासून व्याज, खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत नाही. सपाट शुल्कामुळे थोडे थोडे काढणे महाग पडते आणि भरपूर काढावे तर खिसेकापूंची भीती, शिवाय उरलेल्या नोटा परत बदलताना पुन्हा घट. मशीनवाल्यांचे शुल्क निदान पडद्यावर येते. बँकेचे शुल्क मात्र महिनाअखेर, कसल्याशा संक्षिप्त अक्षरांत, खातेउताऱ्यात उगवते. ‘शून्य कमिशन’ची पाटी लावून खरेदीचा आणि विक्रीचा दर यांच्यात भली मोठी दरी ठेवणारे चलन बदलून देणारे हे यांचेच भाऊबंद, पण ते निदान दोन्ही दर फळ्यावर लिहून ठेवतात.

आणि नोटा! मशीन शक्य तितक्या मोठ्या नोटा देते, कारण आतल्या पेट्यांत जागा मर्यादित आणि भरायला माणूस पाठवायचा खर्च जास्त. ते समजते. पण उतरल्या उतरल्या प्रवाशाला रोकड लागते ती बस, स्वच्छतागृह, सामान ठेवायची पेटी असल्या किरकोळ गोष्टींसाठी, आणि हातात असते ती त्या देशातली सगळ्यात मोठी नोट, जी मोडून द्यायला कोणी तयार नसते. रकमेचे काही भाग लहान नोटांत मागण्याचा पर्याय काही मशीनवर असतो. विमानतळावरच्या आणि रेल्वे स्थानकावरच्या प्रत्येक मशीनवर तो असायला काय हरकत आहे?

पडद्यावरच्या चिन्हाचाही विचार करा. नुसते डॉलरचे चिन्ह दाखवून भागत नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर यांचे डॉलर वेगळे, आणि मेक्सिकोचा पेसोही तेच चिन्ह वापरतो. प्रत्येक चलनाला तीन अक्षरी संकेत देणारे आयएसओ ४२१७ हे मानक १९७८ पासून आहे आणि तुमच्या यंत्रणा आतून त्यावरच चालतात. ते संकेत आमच्या डोळ्यांपर्यंतही येऊ द्या. जपानी येनला व्यवहारात दशांश नाही, कुवेती दिनाराला तीन दशांश आहेत. अशा ठिकाणी एक टिंब चुकीचे वाचले तर रक्कम कुठल्या कुठे जाते.

आता फक्त बँकांसाठी. परदेशातून रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढायला गेले की ओटीपी मायदेशातल्या क्रमांकावर जातो, आणि ते सिमकार्ड पाकिटात असते, कारण फोनमध्ये स्थानिक सिम घातलेले असते. सुरक्षिततेविषयी तक्रार नाही. पण जी व्यक्ती परदेशात आहे हे तुम्हाला व्यवहारावरूनच दिसते, तिला अॅपमधून वायफायवर मंजुरी देता यायला हवी, आणि ती सोय निघण्याआधी आपणहून सुचवली गेली पाहिजे. तसेच ते मदतक्रमांक. कार्डाच्या मागे छापलेला टोल फ्री क्रमांक परदेशातून बहुधा लागतच नाही. लागणारा क्रमांक शेजारी छापलेला असला तरी तो कार्डावर असतो, आणि कार्ड चोरीला गेले की क्रमांकही गेला. तो गरजेचा असतो नेमका तेव्हाच. खातेउताऱ्यावर, अॅपच्या लॉगिनआधीच्या पानावर, कुठेही, पण कार्डाव्यतिरिक्त एका ठिकाणी तो ठेवा.

संशयावरून कार्ड बंद करण्याबद्दल मी फार बोलत नाही. पहिल्याच परदेशी व्यवहाराला घाबरणारी यंत्रणा दहाव्याला गप्प बसते हे विनोदी आहे, पण फसवणूक वाढली आहे आणि त्यात बँकेचेही हात पोळतात.

‘होल्ड’ हा विषय मात्र सोडून देण्यासारखा नाही. हॉटेल आणि भाड्याची गाडी देणारे अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर माणसाचे स्वतःचे पैसे, जे पुढच्या गावच्या खर्चासाठी ठेवलेले असतात, ते खात्यात दिसतात आणि हाताला लागत नाहीत. हॉटेलवाला म्हणतो, आम्ही सोडले. बँक म्हणते, आमच्याकडे अजून आले नाही. दोघेही खरे बोलत असतील, पण मधल्या दिवसांत प्रवासी कुठे बसला आहे? होल्ड केव्हा लागला, कोणी लावला, सोडल्याचा निरोप केव्हा निघाला आणि तो जास्तीत जास्त केव्हा सुटेल, या चार गोष्टी अॅपमध्ये दिसल्या तर निम्मी भांडणे होणार नाहीत. परताव्याचेही तसेच. वस्तू परत केली तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, तो कमी-जास्त असणार हे समजू शकते. पण खरेदीवर घेतलेले परकीय व्यवहार शुल्क कित्येक बँका परत करत नाहीत. खरेदीच झाली नाही, तर शुल्क कशाचे?

टॅप करणाऱ्यांना एक गोष्ट कोडे वाटते: चार वेळा चाललेले कार्ड पाचव्या-सहाव्या वेळी अचानक नाकारले जाते. युरोपीय नियमांनुसार पिनशिवायचा टॅप एका वेळी ५० युरोपर्यंत चालतो, आणि एकूण १५० युरो किंवा सलग पाच व्यवहार झाले की बँकेने पुन्हा ओळख पटवून घ्यायची असते. हे कळले तर माणूस शांतपणे कार्ड मशीनमध्ये घालून पिन देईल. पण पडद्यावर नुसते ‘नामंजूर’ येते, आणि तो बिचारा मागच्या रांगेकडे ओशाळून पाहतो. नामंजुरीचे कारण तुम्ही आपसांत सांकेतिक आकड्यांत कळवताच. त्यातले ‘पिन हवा आहे’ एवढे तरी साध्या शब्दांत दाखवा.

पिन म्हटल्यावर आठवले. आयएसओ ९५६४ या मानकात पिन ४ ते १२ अंकी चालतो असे आहे. तरी सहा अंकी पिन देणाऱ्या बँकांची गिऱ्हाइके चार अंकांनंतर थांबणाऱ्या मशीनपुढे अडकू शकतात. अमेरिकेत कित्येक पेट्रोलपंपांवरची मशीन पाच अंकी पोस्टाचा पिनकोड मागतात, जो परदेशी माणसाकडे नसतो. मग आत जाऊन आगाऊ पैसे भरावे लागतात. जगभर चालणारे कार्ड अशी जाहिरात करताना हे बारकावे कोणाला तरी सांगत जा. आणि जिथे मुळीच चालत नाही ते तर आवर्जून. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले, त्यामुळे बाहेरच्या देशांत दिलेली त्यांची कार्डे तिथे चालत नाहीत. इराणमध्येही ती चालत नाहीत. अशा देशांत पोचल्यावर कळून उपयोग नसतो, कारण तिथे पोचल्यावर रोकड मागवायची वाटही बहुधा बंद असते. अॅपमध्ये प्रवासाचा देश नोंदवला की लाल अक्षरांत हे उमटायला हवे.

रोकडीचा उल्लेख वारंवार येतो आहे, आणि तो तुम्हाला आवडत नसेल. तुमच्या जाहिरातींत रोकड म्हणजे जुनाट, मळकट, धोक्याची वस्तू असते. १ जून २०१८ रोजी युरोपात व्हिसाची यंत्रणा काही तास लंगडली. एका डेटा सेंटरमधला एक स्विच अर्धवट बिघडला होता, आणि कंपनीनेच नंतर दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे ५२ लाख व्यवहार अडले. त्या संध्याकाळी ज्यांच्या खिशात नोटा होत्या ते जेवले. स्थानिक माणूस निदान घरी जाऊ शकतो किंवा ओळखीवर उधार मागू शकतो. परक्या गावातल्या प्रवाशाला यातले काहीच नसते. म्हणून नॉर्वेसारख्या, जिथे रोकड जवळपास दिसेनाशी झाली होती, अशा देशाने १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीने पैसे देण्याचा हक्क कायद्याने बळकट केला, हे मला महत्त्वाचे वाटते. तिथले कायदेमंडळ कार्डांच्या विरोधात नाही. त्यांनी फक्त बिघाडाचा दिवस गृहीत धरला.

तुम्हीही तो गृहीत धरू शकता. चिप असलेले कार्ड, मशीन आणि बँक यांच्यातला संपर्क तुटला असतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत व्यवहार मंजूर करू शकते. तशी रचना या तंत्रात आहेच, विमानात पुष्कळदा तीच वापरतात. पण जोखीम नको म्हणून बहुतेक बँकांनी आणि दुकानदारांनी ती बंद ठेवलेली असते. औषधे, अन्न आणि सार्वजनिक वाहतूक एवढ्यांपुरती, लहान रकमेसाठी, परदेशी कार्डांनाही ती खुली करा. त्यात बुडणारे पैसे डीसीसीच्या वाढाव्यातून सहज भरून निघतील, कारण तुम्ही दोन ओळींचा तो पडदा लगेच लावाल अशी माझी काही भाबडी समजूत नाही.

कळावे.

आपला,
एक कार्डधारक